नायट्यावरील पोटात घेण्याचे औषध : इट्राकोनॅझोल वापरताना घ्यावयाची काळजी

भातलावणीच्या दिवसांत कमरेला बांधलेले ओले वस्त्र दिवसभर अंगावर राहते, आणि श्रावण सरतो न सरतो तोच जांघेत, कमरेवर व काखेत खाजणारी लाल वर्तुळे उमटू लागतात. यालाच नायटा अथवा गजकर्ण म्हणतात. हा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो. चट्टा लहान असल्यास बुरशीनाशक मलमाने तो बहुधा बरा होतो. परंतु चट्टे अंगभर पसरल्यास किंवा पुन्हा पुन्हा उद्भवल्यास डॉक्टर पोटात घेण्याचे औषध देतात. अशा औषधांपैकी इट्राकोनॅझोल हे सध्या पुष्कळ वापरले जाते.

या औषधाचे कूळ शेतकऱ्यास अपरिचित नाही. द्राक्षावरील भुरीसाठी फवारले जाणारे हेक्झाकोनॅझोल याच प्रकारचे होय. बुरशीच्या पेशीचे आवरण ज्या अर्गोस्टेरॉल नामक द्रव्याने पक्के होते, ते द्रव्य ही औषधे तयार होऊ देत नाहीत. मात्र हे साम्य पाहून फवारणीचे औषध अंगास चोळण्याचा अविचार कोणीही करू नये. ते विष आहे.

नायट्याच्या रोग्याची हानी पुष्कळदा मलमापासून सुरू होते. दुकानात खाजेचे मलम मागितले की बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉईड मिसळलेली नळी हाती पडते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली मावळते, आणि रोग गेला असे वाटते. वस्तुतः त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी निर्वेधपणे पसरत असते. पुढे त्वचा पातळ होऊन जांघेत कायमचे वण उमटतात. म्हणून नळीवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन ही नावे आहेत काय, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाहावे व असल्यास रोग्यास ती नळी घेऊनच डॉक्टरकडे जाण्यास सांगावे.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच, अख्खी गिळावी. ती फोडून पाण्यात कालवू नये. पोटातील आम्लावाचून हे औषध नीट शोषले जात नाही; यास्तव उपाशीपोटी घेतलेली कॅप्सूल बरीचशी वाया जाते. आम्लपित्ताची पातळ औषधे कॅप्सूलनंतर निदान दोन तासांनी घ्यावीत, आणि पित्तावरची रोजची गोळी चालू असल्यास ते डॉक्टरांना प्रथमच सांगावे.

मळमळ, पोटदुखी, डोकेदुखी अथवा अंगावर पुरळ हे त्रास काही जणांस होतात. परंतु यकृतास इजा झाल्याची लक्षणे ओळखणे अत्यंत अगत्याचे आहे. अन्नावरची वासना उडणे, सतत ओकारी येणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, विलक्षण थकवा वाटणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढची कॅप्सूल न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कावीळ म्हणून झाडपाल्याचा उपाय करीत बसण्यात मोलाचे दिवस जातात. पूर्वी कावीळ झालेल्या किंवा नित्य मद्यपान करणाऱ्या माणसाने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. यकृताची स्थिती पाहण्यासाठी रक्त तपासण्यास सांगितले असता तो खर्च निरर्थक समजू नये.

दुसरा धोका हृदयाचा. या औषधाने हृदयाचे आकुंचन मंदावू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा २००१ मध्ये दिला. ज्यांचे हृदय दुबळे आहे त्यांना नायट्यासाठी हे औषध देत नाहीत. पायांवर सूज, एकाएकी वाढलेले वजन अथवा उताणे निजल्यावर लागणारा दम ही त्याची चिन्हे होत. ती दिसताच औषध थांबवून तातडीने डॉक्टरकडे जावे. गरोदर स्त्रीस हे औषध नायट्यासाठी देऊ नये. ज्यांना दिवस जाण्याचा संभव आहे त्यांनी उपचारापूर्वीच तसे सांगावे.

इतर औषधांशी याचा मोठा विरोध आहे. कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिनबरोबर घेतल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. उलट, क्षयावरील रिफॅम्पिसिन चालू असल्यास इट्राकोनॅझोलचा गुण जवळजवळ नाहीसा होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर पायांना सूज येते. तेव्हा घरातील वृद्धांच्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवणे हा साधा पण खात्रीचा मार्ग होय. शेजाऱ्यास गुण आला म्हणून त्याच्या उरलेल्या कॅप्सूल घेणे किती घातक, हे यावरून ध्यानी येईल.

खाज आठ-दहा दिवसांत कमी होते, आणि येथेच पुष्कळ जण औषध सोडतात. अपुऱ्या मात्रेने भुरी पुन्हा कशी उसळते हे बागायतदारास सांगावयास नको. भारतात पसरलेली, २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालेली नायट्याची बुरशी टर्बिनाफिन या दुसऱ्या औषधाला पुष्कळदा दाद देत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे पुरे करावेत. त्रास झाल्यास मात्र स्वतः मात्रा न घटवता त्यांना विचारावे.

घरातील सर्व बाधितांचा उपचार एकाच वेळी व्हावा. टॉवेल व अंथरूण वेगळे ठेवावे, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत, आणि करगोटा ओला राहत असल्यास तो काही दिवस काढून ठेवावा. वासराच्या डोळ्यांभोवती वा मानेवर राखाडी खपल्यांचे गोल चट्टे असल्यास ते पशुवैद्यास दाखवावे. त्या जनावरास हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण ती बुरशी माणसासही लागते.