‘टेबल’ करायचं म्हणजे आत्ता की नंतर?

प्रश्न : आमचे अमेरिकी साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, ‘लेट्स टेबल धिस.’ मी कागद काढून सरसावलो, तर ते पुढच्या विषयावर गेलेसुद्धा! माझं काय चुकलं?

उत्तर : काहीच नाही. ब्रिटिश इंग्रजीत, आणि म्हणून आपल्या संसदेतही, ‘टेबल’ करणं म्हणजे विषय पटलावर ठेवणं. अमेरिकेत अर्थ नेमका उलटा : तूर्त बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे सेनाधिकारी याच शब्दावरून तावातावाने भांडले. गंमत म्हणजे मुद्द्यावर त्यांचं एकमतच होतं! चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत हा किस्सा नोंदवला आहे. ईमेलमध्ये तुम्ही स्वतः हा शब्द टाळाच. ‘डिस्कस’ किंवा ‘पोस्टपोन’ लिहा. साहेबांनी वापरला, तर बेधडक विचारा, ‘नाऊ ऑर लेटर?’