कमळजा : नावाची व्युत्पत्ती आणि अर्थ

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्कापातातून निर्माण झालेल्या जगप्रसिद्ध सरोवराच्या काठी श्री कमळजा देवीचे प्राचीन मंदिर आहे. भाविकांच्या मुखी नित्य असलेल्या या नावाचा अर्थ जाणून घेतल्यास दर्शनाचा आनंद द्विगुणित होईल.

शब्दाची फोड

‘कमलजा’ हा मूळ संस्कृत शब्द. मराठीत ‘कमल’चे ‘कमळ’ झाले आणि ‘कमळजा’ हे रूप रूढ झाले. ‘जन्’ म्हणजे जन्मणे. या धातूपासून ‘ज’ आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘जा’ सिद्ध होते. कमळापासून जन्मलेली ती कमळजा. व्याकरणात यास उपपद तत्पुरुष समास म्हणतात. पर्वताची कन्या गिरिजा किंवा शैलजा, पाठची बहीण अनुजा, स्वतःची लेक आत्मजा ही नावे याच घडणीची होत. ‘कमला’ व ‘कमळजा’ ही नावे जवळची असली तरी एक नव्हेत. जन्माचा निर्देश केवळ दुसऱ्या नावात आहे.

पुराणातील संदर्भ

विष्णूच्या नाभिकमळातून प्रकटलेल्या ब्रह्मदेवास ‘कमलज’ म्हणतात. स्त्रीरूपातील नाव लक्ष्मीकडे निर्देश करते. समुद्रमंथनाच्या वेळी ती उमललेल्या कमळावर विराजमान होऊन प्रकटली, असे वर्णन विष्णुपुराणात आहे. विष्णूने लवणासुराचा वध केल्याची कथा लोणार क्षेत्री सांगितली जाते आणि गावातील दैत्यसूदन मंदिर विष्णूचेच आहे. त्यामुळे हे नाव येथे विशेष शोभून दिसते. सरोवराचे पाणी खारे. मात्र कमळजा मंदिराजवळील सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूस गोडे व दुसऱ्या बाजूस खारे पाणी असल्याचे सांगतात. खाऱ्या काठावर कमळाचे नाव नांदावे, हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य होय.

नाव ठेवताना

‘जा’ या एका अक्षरात कन्येच्या जन्माचा गौरव सामावला आहे. याउलट, मुलगी नको म्हणून ‘नकुशा’ असे नाव ठेवण्याची रीतही आपल्याच महाराष्ट्रात होती. सन 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मुलीस हाक मारताना तिच्या जन्माविषयीची घरच्यांची भावनाच दिवसातून अनेकदा उच्चारली जाते, हे यावरून ध्यानी यावे.

राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे. अशा भूमीत देवीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांनी घरी कन्या जन्मल्यास तिचे बारसे आनंदाने करावे. नाव कोणतेही ठेवावे. ‘तू आम्हांस हवी होतीस’ हा अर्थ त्यात असावा. देवीच्या नावाचा हाच खरा प्रसाद होय.