धुक्यातली पायवाट

प्रश्न : माथेरानला पावसाळ्यात धुक्यातल्या पायवाटेचे फोटो काढले. डोळ्यांना स्वप्नवत वाटलेलं दृश्य फोटोत करडं, मळकट आलं. एडिटिंगने सुधारेल का?

उत्तर : बरंचसं सुधारेल, पण मळकटपणा टिपतानाच आला आहे. पांढरं धुकं दिसलं की कॅमेऱ्याचा मीटर त्याला करडं करायला बघतो. पुढच्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ ठेवा, रॉमध्ये टिपा. ओल्या पानांची चकाकी पोलरायझरने कमी केली की तांबडी मातीही खुलते.

आता एडिटिंग. बहुतेक जण लाइटरूममध्ये डीहेझ वाढवतात आणि ज्यासाठी भल्या पहाटे उठले, ते धुकंच पुसून टाकतात! कृपा करून उलट करा. डीहेझ -१०, क्लॅरिटी -१५ च्या आसपास; तेही मास्क लावून, वाट जिथे धुक्यात विरते तेवढ्याच भागावर. जवळची मुळं, दगड, शेवाळ स्पष्टच राहू द्या. सगळंच मऊ केलं तर फोटो नुसता हललेला वाटतो.

हिरव्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. पावसाळी हिरवा पडद्यावर फार भडक दिसतो. सावल्या मात्र पूर्ण उजळू नका. झाडांखालचा काळोख मला तरी हवाच असतो.