मूल स्वतःशी बोलते तेव्हा

लहान मुलांबाबत पालक ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांत एक नेहमीची तक्रार अशी की, मूल एकटे असले म्हणजे आपल्याशीच बडबडते. सोबत आजी असली तर ती हळूच विचारते, ‘‘डॉक्टरसाहेब, याले बाहेरचं काही लागलं तं नाही?’’ काही घरांत तोवर मीठ-मोहऱ्या ओवाळून झालेल्या असतात. तीन ते सात वर्षांच्या मुलाने खेळताना, चित्र काढताना, सदऱ्याची बटणे लावताना मोठ्याने स्वतःशी बोलणे यात काळजीचे काहीच नाही. ज्या मुलाला भाषाच उशिरा आणि कष्टाने येते, त्याला तर या बडबडीची गरज इतरांहून अधिक काळ असते. आणि नेमकी त्याचीच बडबड आपण आधी बंद करतो, म्हणून आजचा लेख.

रशियातील मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी या बडबडीकडे गंभीरपणे पाहिले. क्षयाने ते १९३४ साली, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी गेले. विचार आणि भाषा यांवरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. ते मुलांना चित्र काढायला बसवीत आणि मुद्दाम अडचण करीत. हवी ती पेन्सिल नाही, कागद कमी, असे काहीतरी. अडचण आली की मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुप्पट होई. एका मुलाला निळी पेन्सिल सापडेना, तेव्हा लाल रंग ओला करून गडद केला की निळ्यासारखा दिसेल, असे त्याने आपणच आपल्याला सांगितले. बोलता बोलता त्याने दुसरी वाट काढली. विगोत्स्कींचे म्हणणे असे की, आधी मोठी माणसे मुलाला शब्दांनी वळण लावतात, मग तेच शब्द मूल स्वतःला मोठ्याने सांगते, पुढे ते कुजबुजीवर येते आणि शेवटी मनातल्या मनात जाते. आपण ज्याला ‘मनात बोलणे’ म्हणतो, ते असे बाहेरून आत गेलेले असते.

मोठ्यांनाही त्याची किती गरज असते, हे घरबसल्या पाहता येईल. कागदावर दोन अंकी २० संख्या एकाखाली एक लिहा. पहिलीत ३ मिळवा, दुसरीतून ३ वजा करा, तिसरीत मिळवा, चौथीतून वजा करा, असे शेवटपर्यंत न्या आणि घड्याळात वेळ पाहा. मग नव्या २० संख्या घेऊन हेच करा, पण या वेळी तोंडाने ‘सोम-मंगळ, सोम-मंगळ’ असे सारखे म्हणत राहा. बहुतेकांना वेळ जास्त लागतो आणि मध्येच ‘आता मिळवायचे की वजा करायचे?’ असे होते. याच धर्तीचे प्रयोग अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झाले आहेत. जीभ दुसऱ्या शब्दात गुंतली की मनातले ‘आता वजा, आता बेरीज’ बंद पडते आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर जाणे जड होते. त्याच प्रयोगांत असेही दिसले की, कोणते काम करायचे याची स्पष्ट खूण समोर असली तर हा अडथळा कमी होतो. या खुणेचा उपयोग पुढे सांगणार आहे.

एका नियमावरून दुसऱ्यावर जाण्याच्या या क्षमतेला लवचीक विचार म्हणू. लहान मुलांत ती पाहण्याची एक साधी पद्धत आहे. दोन रंगांची, दोन चित्रांची पत्ते. मूल आधी ती रंगाप्रमाणे वेगळी करते. मग सांगायचे, आता चित्राप्रमाणे कर. तीन वर्षांचे मूल बहुधा रंगाप्रमाणेच करीत राहते. गंमत अशी की, नवा नियम काय, असे विचारले तर ते तो बरोबर सांगते! कळते, पण वळत नाही. चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना हे जमू लागते.

आता भाषाविकार म्हणजे काय ते पाहू. ऐकू नीट येते, बुद्धी मंद नाही, घरात बोलणारी माणसे आहेत, तरीही भाषा नीट बसत नाही, अशी काही मुले असतात. शब्द थोडे, वाक्ये तुटक, प्रत्यय गळलेले. ‘मायनं मारलं’ की ‘मायले मारलं’ हा फरक सहाव्या वर्षीही पक्का नसतो. ‘दप्तर ठेव, हात धू आणि आजीला बोलाव’ म्हटले तर फक्त आजीला बोलावतात. इंग्लंड-अमेरिकेतील मोठ्या पाहण्यांत शाळेत जाऊ लागलेल्या १०० मुलांत अशी सुमारे ७ मुले आढळली. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात दोन-तीन. ती वर्गात असतात. फक्त त्यांना आळशी किंवा ढ असे नाव पडलेले असते.

अशा मुलांचा गट इतर मुलांशी ताडून पाहिला तर काम बदलण्याच्या, नियम बदलण्याच्या कसोट्यांत तो सरासरीने मागे पडतो. प्रत्येक मूल पडते असे नव्हे. भाषा कमी म्हणून लवचीकपणा कमी, की दोन्हींचे मूळ एकच, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण स्वतःशी बोलण्यापुरते चित्र बरेच स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ही मुलेही स्वतःशी बोलून काम करतात, पण त्यांचे बोलणे बरोबरीच्या मुलांपेक्षा उशिरा आत जाते. इतर मुले मनात बोलू लागलेली असतात, त्या वयात यांचे ओठ हलत असतात, आवाज फुटत असतो.

आणि आपल्या वर्गाचा पहिला नियम काय? हाताची घडी, तोंडावर बोट! मुलांनी गलका करू नये हे मला मान्य आहे. साठ पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना उपदेश करणे सोपे असते. परंतु गणित सोडवताना पुटपुटणाऱ्या मुलाला ‘मनात वाच’ म्हणून दटावणे म्हणजे काठीच्या आधाराने चालणाऱ्याची काठी काढून घेणे.

दुसरी-तिसरीच्या मुलांच्या वह्या मी पालकांना सोबत आणायला सांगतो. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. एकाच पानावर बेरजा आणि वजाबाक्या मिसळून दिल्या आहेत. पहिल्या चार बेरजा बरोबर, आणि पुढच्या साऱ्या वजाबाक्यांचीही बेरीजच केलेली. खाली लाल शाईत शेरा: ‘लक्ष नाही’. मुलाला जवळ घेऊन चिन्ह विचारा, ते ‘वजा’ असे बरोबर सांगते. म्हणजे पत्त्यांच्या त्या खेळासारखेच झाले. यावर मी असे सुचवतो की, प्रत्येक उदाहरणापूर्वी मुलाने चिन्हाभोवती गोल करावा आणि ‘आता वजा’ एवढे तोंडाने म्हणावे. पत्त्यांच्या काही प्रयोगांतही, काय पाहायचे ते मुलाने स्वतः म्हटले तेव्हा बदल अधिक मुलांना जमला होता.

घरीही हे करता येईल, पण मुलाला ‘बोल, बोल’ म्हणून नव्हे. आपण त्याच्या देखत स्वतःशी बोलावे. स्वयंपाक करताना आईने म्हणावे, ‘‘ज्वारीचं पीठ सरलं. आता काय करू? कणीक आहे. चाल, पोळ्या करतो.’’ अडचण, थांबणे, दुसरी वाट, हे तिन्ही टप्पे मुलाच्या कानावर पडतात. मुलाला सोपे, ठरलेले शब्द द्यावेत: ‘थांब. हे झालं. आता दुसरं.’ ठरलेला बेत बदलला की काही मुले आकांत करतात, एस.टी. चुकली की जमिनीवर लोळतात. बदल होणार असेल तर तो आधी सांगावा आणि तेच शब्द वापरावेत. यामुळे भाषाविकार बरा होतो असा माझा दावा नाही. त्यासाठी वाचा-उपचार लागतात. मात्र रोजचे काम हलके होते.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट सांगणे जरूर आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, पोडावरचे कोलामी, कुठे गोंडी. असे मूल शाळेत गप्प राहिले म्हणून त्याला भाषाविकार आहे असे मुळीच नाही. घरच्या भाषेत ते गोष्ट सांगते का, भांडते का, हे आधी आजीला विचारावे. खरा भाषाविकार घरच्या भाषेतही दिसतो. आणि स्वतःशी बोलणे हे घरच्याच भाषेत होणार. ‘मराठीत बोल’ म्हणून तिथे अडवू नये.

दाखवायचे केव्हा? दोन वर्षे पूर्ण होऊनही दोन शब्द जोडता येत नसतील, चौथ्या वर्षी बाहेरच्या माणसाला बोलणे समजत नसेल, तर थांबू नये. ‘याचा बापही उशिराच बोलला’ या भरवशावर वर्षे जातात. मोठे मूल कुणाला तरी उत्तर दिल्यासारखे, घाबरून बोलत असेल, किंवा आलेली भाषा हरवत असेल, तर लगेच दाखवावे. पहिली तपासणी कानांची. ती यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात करून घ्यावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत भाषेचा उशीर हा विषय आहे, तेव्हा पथक येईल त्या दिवशी सेविकेला आठवण द्यावी. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातही वाचा व भाषा यांतील अपंगत्वाचा समावेश आहे.

येताना एक कागद आणावा. आठवडाभर मूल स्वतःशी काय काय बोलले, ते जसेच्या तसे, त्याच्याच शब्दांत लिहून आणावे, आणि तेव्हा ते काय करीत होते तेही. तपासणीच्या खोलीत मूल गप्पच बसते; त्या कागदावरून पुष्कळ कळते.