जिमच्या फीवर जीएसटी किती?

प्रश्न : भोरमधल्या जिमची वर्षाची फी ८,००० रुपये. नोव्हेंबर २०२५मध्ये पैसे भरले, तेव्हा १८ टक्के जीएसटी धरून ९,४४० घेतले. वेल्ह्यातल्या मित्राच्या जिमने मात्र करच लावला नाही. बरोबर कोणाचं?
– एक वाचक, भोर

उत्तर : दोघांचंही तपासावं लागेल. २२ सप्टेंबर २०२५पासून जिम, योगवर्ग, सलून यांच्या सेवांवरचा जीएसटी १८वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे तुमचा कर १,४४० नव्हे, ४०० रुपये. त्या तारखेआधी बिल आणि पूर्ण पैसे, दोन्ही झाले असते, तर मात्र जुनाच दर लागला असता.

मित्राच्या जिमचंही योग्य असू शकतं. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या सेवा व्यावसायिकाला सहसा नोंदणी सक्तीची नाही. मात्र नोंदणी नसेल, तर ग्राहकाकडून जीएसटी घेताही येत नाही. लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेतल्या जिमलाही तो बिलात वेगळा लावता येत नाही.

म्हणून आधी बिल हातात घ्या. त्यावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक हवा; महाराष्ट्रातला क्रमांक २७ने सुरू होतो. तो जीएसटी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का पाहा. मग जादा घेतलेले १,०४० रुपये लेखी मागा. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. कष्टाचे पैसे आहेत, मागायला संकोच करू नका.