धंदा कसा चाललाय?

लेथचा स्पीड, फीड, जॉबचा टॉलरन्स हे सगळं आपल्याला मोजता येतं. पण "धंदा कसा चाललाय?" असं विचारलं की उत्तर मिळतं, "ऑर्डरी भरपूर आहेत!" हे काही मोजमाप नव्हे.

समजा, जॉबवर्कचं एक छोटं वर्कशॉप आहे. महिन्याची विक्री ५ लाख, खर्च साडेचार लाख. नफा ५० हजार, म्हणजे विक्रीच्या १० टक्के. (घसारा आणि कर हिशोब सोपा राहावा म्हणून सोडले आहेत.) पण गिऱ्हाईक कंपनी बिलाचे पैसे देते ९० दिवसांनी. कामगार, वीजबिल, स्टीलवाला मात्र तितके दिवस थांबत नाहीत. म्हणजे तीन महिन्यांचा खर्च, साडेतेरा लाख रुपये, मालकाने आधी घालायचे. ते १२ टक्के व्याजाने आणले तर महिन्याला १३,५०० रुपये व्याजातच जातात. आणि खरी गंमत पुढेच आहे. ऑर्डरी दुप्पट झाल्या की अडकणारी रक्कमही दुप्पट, २७ लाख! पेढे वाटायच्या महिन्यातच पगाराची बोंब. नफ्यातली वर्कशॉपं बंद पडतात ती अशी.

म्हणून मला नफ्याच्या टक्क्यापेक्षा भांडवलावरचा परतावा जास्त खरा वाटतो. यंत्रं १५ लाखांची धरा. गुंतलेले एकूण साडेअठ्ठावीस लाख, व्याजाआधीचा वर्षाचा नफा ६ लाख, परतावा २१ टक्के. तेच पैसे ४५ दिवसांत आले तर गुंतलेले पावणेबावीस लाख आणि परतावा साडेसत्तावीस टक्क्यांवर. एकही नग जास्त न बनवता! (आपण शिकतो ते ओईई यंत्राचं प्रगतिपुस्तक, धंद्याचं नाही. न खपणारा माल बनवूनही ते ८५ टक्के येऊ शकतं.)

४५ दिवस हा आकडा हवेतला नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची ती कमाल मुदत आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. तरीही तक्रार करायला वर्कशॉपवाला कचरतो, कारण पुढची ऑर्डर त्याच गिऱ्हाइकाच्या हातात! तेव्हा हिशोब बघताना आणखी एक आकडा जरूर मागा: सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून विक्रीचा किती हिस्सा येतो.