शिडाच्या नौकेतील लाकडी जमीन : खरे काम वार्निशच्या आधीचे

सैरसपाट्याच्या शिडाच्या नौकेत, म्हणजे यॉटमध्ये, केबिनमधील पायाखालची जमीन लाकडी फळ्यांची असते. युरोप, अमेरिका व तैवानमध्ये बांधलेल्या अनेक नौकांत सागवानाच्या रुंद पट्ट्या आणि मधून मधून हॉली नावाच्या पांढऱ्या लाकडाच्या बारीक पट्ट्या दिसतात. शिडाच्या नौका आपल्याकडेही बांधल्या जातात. गोव्यातील दिवाडी बेटावर तयार झालेली 'म्हादेई' २००९ साली नौदलात आली आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा नौकांच्या डागडुजीचे काम सुतार व पॉलिशवाल्यांकडे येऊ शकते. मात्र हे काम घरातील फर्निचरचे नव्हे, हे आधी समजून घ्यावे.

भाव सांगण्यापूर्वी

कापडाच्या धंद्यात ठाण उलगडून उलटी बाजू पाहिल्याशिवाय शहाणा माणूस भाव बोलत नाही. इथेही तोच नियम. एक फळी उचलून तिची कड व खालची बाजू पाहा. जुन्या नौकांत भरीव सागवान सापडते. पुढच्या काळातील बहुतेक नौकांत प्लायवूडवर सागवानाचे विनियर चिकटवलेले असते. त्याची जाडी बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असते. अशा फळीवर मशीनचा सँडर जोरात चालवला तर काही क्षणांत खालचा थर उघडा पडतो. मग कितीही हुनर असला तरी ती जागा लपत नाही आणि जुन्या रंगाशी जुळणारी फळी सहसा मिळत नाही. नव्या फळीचा खर्च कारागिराच्या अंगावर येतो. म्हणून कुजलेल्या, फुगलेल्या व विनियर सुटलेल्या फळ्यांची यादी करून मालकाला आधीच लेखी द्यावी.

फळ्या काढणे व धुणे

काम नौकेत बसून करू नये. प्रत्येक फळीच्या खाली क्रमांक व नाळेच्या दिशेचा बाण काढून ती बाहेर आणावी. प्रथम गोड्या पाण्याने धुवावी, कारण मुरलेले मीठ हवेतील ओल ओढत राहते. नंतर सावलीत, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी ठेवून पूर्ण वाळू द्यावी. कडक उन्हात फळी वाकते.

जुने वार्निश व काळे डाग

जुने वार्निश गरम हवेच्या गनने मऊ करून धारदार स्क्रेपरने काढावे. गन एका जागी थांबवू नये, नाहीतर विनियरखालचा गोंद सुटतो. नंतर हाताने, ठोकळ्यावर गुंडाळलेला १२० नंबरचा, मग १८० व २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच मारावा.

स्क्रूभोवतीचे काळे डाग लोखंड, पाणी व लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने पडतात. ते घासून काढू नयेत. कापडावरील गंजाचा डाग काढण्यासाठी जे ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात तेच इथे चालते. ते पाण्यात विरघळवून लावावे, डाग फिका झाल्यावर भरपूर पाण्याने धुवावे आणि पुन्हा वाळवावे. हे विष आहे. हातमोजे व चष्मा घालावा आणि त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नये.

कडा व खालची बाजू

फळी कुजते ती बहुधा वरून नव्हे. नौकेच्या तळाशी साचलेले पाणी कडांतून, स्क्रूच्या भोकांतून व खालच्या बाजूने आत शिरते. म्हणून दिसणाऱ्या बाजूआधी न दिसणारी बाजू बंद करावी. तिथे व कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. इपॉक्सीवर कधी कधी मेणासारखा चिकट थर येतो. पेपर मारण्यापूर्वी तो पाण्याने धुवावा.

कडांवरील थरांमुळे फळी घट्ट बसते, हे विसरू नये. फळ्यांच्या खाली पंप आणि समुद्राच्या पाण्याचे व्हॉल्व्ह असतात. नौकेत पाणी शिरले तर फळी तात्काळ उचलता आली पाहिजे. अडकलेली फळी जिवावर बेतू शकते. प्रत्येक टप्प्यावर फळी जागेवर बसवून पाहावी व सैल राहील इतकी फट ठेवावी.

वार्निश

लाखेचे स्पिरिट पॉलिश इथे वापरू नये. पाण्याने ते पांढरे पडते. केबिनमध्ये ऊन कमी व पायांची झीज जास्त, म्हणून कठीण पॉलियुरेथेन वार्निश बरे. सागवान तेलकट असते. पहिल्या हातापूर्वी ते ॲसिटोनने पुसावे. पहिला हात डब्यावर सांगितलेल्या थिनरने पातळ करून द्यावा. नंतर चार-पाच हात द्यावेत आणि मध्ये २२० ते ३२० नंबरचा पेपर हलका मारावा. चकचकीत जमिनीवर ओला पाय घसरतो. म्हणून आधीचे हात चकचकीत वार्निशचे व शेवटचा हात सॅटिनचा द्यावा. सॅटिनचा डबा तळापासून ढवळावा. पावसाळी दमट दिवशी हे काम टाळावे.

वार्निश-थिनरजवळ विडी-सिगारेट पेटवू नये. तेलाचे बोळे ढिगात टाकू नयेत; ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत.

वार्निशचे हात देणे हा यातील सोपा भाग. दिवस जातात ते धुणे, वाळवणे, खरवडणे व कडा बंद करणे यांत. मजुरी ठरवताना हे दिवस मोजावेत आणि मालकालाही फळी उलटी करून दाखवावी. खालची बाजू पाहिलेला मालक मजुरीवरून सहसा घासाघीस करत नाही आणि पुढचे काम घेऊन तुमच्याकडेच येतो.